मनोरुग्णाचा पत्ता

मराठीत काही गावांची नावे केवळ गावांची उरलेली नाहीत. 'ह्याला आता ठाण्याला पाठवा' असे कोणी म्हणाले, तर ऐकणाऱ्याला लोकलचे वेळापत्रक आठवत नाही. येरवड्याच्या बाबतीत तर तुरुंग आणि मनोरुग्णालय असे दोन अर्थ निघतात, आणि दोन्ही अर्थांनी वाक्य चालून जाते. राज्यात पिढ्यान्‌पिढ्या ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी अशी चार प्रादेशिक मनोरुग्णालये सर्वांना ठाऊक आहेत. साताऱ्याच्या माणसाला सरकारी मनोरुग्णालय हवे असेल तर येरवडा गाठायचे, सांगलीच्या माणसाने घाट उतरून रत्नागिरी. वेड हे आपल्या गावाचे नव्हे, ते दुसरीकडे नेऊन ठेवायचे असते, ही समजूत भाषेत इतकी मुरली आहे की तिची दखल घ्यावी असेही आपल्याला वाटत नाही.

ही समजूत मोडण्याचे काम कोणाचे, असा प्रश्न विचारला की उत्तरे ठरलेली असतात. सरकारचे, समाजाचे, डॉक्टरांचे, फार तर साहित्यिकांचे. नगरपालिकेचे नाव सहसा कोणी घेत नाही. नगरपालिका म्हणजे नळ, गटार, घंटागाडी आणि घरपट्टी. प्रस्तुत लेखात मांडायचे आहे ते एवढेच, की सातारा आणि सांगली यांसारख्या शहरांत मनोरुग्णाला त्याच्या राहत्या पत्त्यावर उपचार मिळायचे असतील, तर ते काम नगरपालिकेने आणि महापालिकेने आपले मानल्याखेरीज होणार नाही. नळ आणि गटार यांच्या शेजारच्या ओळीत ते लिहिले गेले पाहिजे. विषय रूक्ष आहे, साहित्याच्या अभ्यासकांसमोर तो का मांडावा असे कोणाला वाटेल. पण या रूक्ष विषयाशी आपल्या वाङ्मयाचा संबंध दिसतो त्याहून जवळचा आहे.

वेड ही मराठी साहित्याची फार आवडती वस्तू आहे. संतांना वेड हे भूषण होते. आधुनिकांनी त्याचे रूपक केले. शहाण्यांच्या जगात वेडाच तेवढा खरे बोलतो, ही कल्पना आपल्या नाटकांत आणि कथांत इतक्या वेळा येऊन गेली आहे की तिची आता वीट आलेली नाणी झाली आहेत. जयवंत दळवींचे 'बॅरिस्टर' (१९७७) याला मोठा अपवाद नाही, पण त्यात निदान एक गोष्ट उघड होते. वाड्यातले वेड हे घराण्याचे गुपित असते, ते पिढीजात शाप म्हणून भोगायचे असते, आणि त्या भोवऱ्यात सापडलेल्या माणसापर्यंत बाहेरून कोणीही येत नाही. 'बॅरिस्टर'चा विचार करताना आपण वाड्याचा, परंपरेचा, स्त्रीच्या कोंडमाऱ्याचा विचार करतो आणि तो करायलाच हवा. मात्र त्या वाड्याच्या दारावर एखादी परिचारिका येऊन 'झोप लागते का?' असे विचारील ही शक्यता आपल्या कल्पनेतही येत नाही. पुढे सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी 'देवराई' (२००४) मध्ये स्किझोफ्रेनिया हा आजार म्हणून पाहिला, आणि 'कासव' (२०१६) मध्ये तर कोकणातल्या एका घरात काही बिगरतज्ज्ञ माणसे एका खचलेल्या तरुणाला नुसती सांभाळतात. 'कासव'ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. त्याच्या काव्यात्मतेबद्दल बरेच लिहिले गेले. पण त्यातली मुख्य गोष्ट अगदी व्यवहाराची आहे: खचलेल्या माणसाला सांभाळणारे हात प्रशिक्षित असले तर उत्तम, परंतु ते आधी जवळ असावे लागतात.

जवळ म्हणजे कुठे, याचे उत्तर सांगलीच्या भूगोलातच आहे. सांगलीहून मिरजेला जाताना वाटेत वानलेसवाडी लागते. आज ती सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेच्या हद्दीत, भर वस्तीत आहे. मिरजेत रुग्णालय उभारणारे मिशनरी डॉक्टर विल्यम वानलेस यांचे नाव तिला मिळाले ते तिथल्या क्षयरोग आरोग्यधामामुळे. त्या काळी क्षय झालेल्या माणसाला गावाबाहेर, मोकळ्या हवेत, आप्तांपासून दूर ठेवणे हाच उपचार होता. क्षयाविषयी लोक जे बोलत, ते आज मनोविकाराविषयी बोलतात. घराण्यात आहे, लग्नाच्या वेळी सांगू नका, भांडे वेगळे ठेवा. मग औषधे आली. १९५०च्या दशकात मद्रासमध्ये एक प्रसिद्ध अभ्यास झाला. घरी राहून औषध घेणारे रुग्ण आणि आरोग्यधामात राहून औषध घेणारे रुग्ण यांची तुलना करण्यात आली. दाटीवाटीच्या घरांत, अपुऱ्या अन्नावर राहणारे रुग्णही जवळजवळ तितकेच बरे होतात असे १९५९मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांतून दिसले. जगभरची आरोग्यधामे त्यानंतर हळूहळू निरुपयोगी होत गेली. भारतात १९९७पासून क्षयरोगाची नवी योजना राबवली गेली तेव्हा गोळ्या गल्लीत आल्या. अंगणवाडीताई, दुकानदार, शेजारीण कोणीही त्या देऊ लागले. क्षय अजून संपलेला नाही, हे खरे. पण क्षयरोग्याचा पत्ता बदलला. तो गावाबाहेरून पुन्हा घरी आला.

मनोरुग्णाचा पत्ता बदललेला नाही. औषधे नव्हती म्हणावे तर तीही १९५०च्या दशकातच आली. मग अडले कशावर? माझे उत्तर असे, की क्षयाला गल्लीपर्यंत पोचवणारी यंत्रणा उभी राहिली, मनोविकारासाठी ती जिल्ह्याच्या रुग्णालयाशी येऊन थांबली. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२चा, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६चा. या दुसऱ्या कार्यक्रमातून जिल्ह्याला मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, सामाजिक कार्यकर्ता, परिचारिका असे पथक मिळावे ही अपेक्षा. साताऱ्यात जिल्ह्याचे रुग्णालय म्हणजे क्रांतिसिंह नाना पाटील सर्वसाधारण रुग्णालय. सांगलीत वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय आहे, आणि ते मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेले आहे. ही रुग्णालये शहरात आहेत, पण शहराची नाहीत, राज्याची आहेत. त्यामुळे एक विचित्र प्रकार घडतो. जिल्ह्यासाठी नेमलेले पथक खेड्यांचा विचार करते, कारण शहराला रुग्णालय जवळ आहे. शहराची पालिका विचार करत नाही, कारण रुग्णालय राज्याचे आहे. आणि मधल्या मध्ये कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत पाळी करणारा कामगार किंवा सांगलीच्या हळदीच्या पेठेतला हमाल सकाळच्या बाह्यरुग्ण विभागाच्या रांगेत उभा राहण्यासाठी एक दिवसाचा रोज बुडवील काय, याचा हिशेब कोणीच करत नाही. रुग्णालय तीन किलोमीटरवर आहे म्हणून ते जवळ आहे असे म्हणता येत नाही.

कायद्याचे शब्दही इथे पाहण्यासारखे आहेत. ७४व्या घटनादुरुस्तीने (१९९२) बारावी अनुसूची घातली आणि शहरांच्या कामांची यादी केली. तीत सार्वजनिक आरोग्य आहे. दुर्बल घटकांच्या हितरक्षणाचीही नोंद आहे, आणि त्या नोंदीत विकलांग व त्या काळच्या भाषेत 'मतिमंद' यांचा नावाने उल्लेख आहे. मनोरुग्णाचा नाही. पुढे २०१७चा मानसिक आरोग्यसेवा अधिनियम आला आणि २०१८च्या मे महिन्यात लागू झाला. हा कायदा फार चांगला आहे. मानसिक आरोग्यसेवा मिळणे हा तो प्रत्येकाचा हक्क मानतो. ती परवडणारी, जवळ मिळणारी आणि सर्वसाधारण आरोग्यसेवेत मिसळलेली असावी असे सांगतो. किमान सेवा जिल्ह्यात उपलब्ध नसतील तर दुसरीकडे घेतलेल्या उपचारांचा खर्च सरकारने द्यावा अशीही त्यात तरतूद आहे. निवाऱ्याची सोय नाही एवढ्याच कारणाने कोणालाही मनोरुग्णालयात डांबून ठेवता येणार नाही, असे तो बजावतो. परंतु ही सर्व कर्तव्ये ज्या 'समुचित शासना'वर टाकली आहेत, ते शासन म्हणजे केंद्र किंवा राज्य. हक्क माणसाचा आहे, कर्तव्य मुंबई-दिल्लीचे आहे, आणि माणूस राहतो तो प्रभागात.

तरीही पालिकेला कायद्याने अडवलेले नाही, हे लक्षात घेतले पाहिजे. साताऱ्याची नगरपालिका १९६५च्या अधिनियमाखाली चालते, सांगलीची महापालिका १९४९च्या. दवाखाने चालवणे दोघींनाही परके नाही. राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानाने (२०१३) पन्नास हजार वस्तीमागे एक नागरी प्राथमिक आरोग्य केंद्र असा निकष घातला, वंचित वस्त्यांत दोनशे ते पाचशे कुटुंबांमागे एक आशा कार्यकर्ती असावी असे म्हटले. २०११च्या जनगणनेत सांगली-मिरज-कुपवाडची लोकसंख्या सुमारे पाच लाख होती, साताऱ्याची सुमारे एक लाख वीस हजार, आणि २०२०च्या हद्दवाढीनंतर साताऱ्याचा पसारा आणखी वाढला. म्हणजे निकषाप्रमाणे सांगलीत किमान दहा केंद्रे, साताऱ्यात किमान दोन ते तीन. आरोग्यवर्धिनी केंद्रांतून ज्या बारा प्रकारच्या सेवा द्यायच्या, त्यांत मानसिक आजारांची प्राथमिक तपासणी आणि उपचार यांचा समावेश आहेच. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी स्थानिक संस्थांमार्फत आरोग्यावर खर्च करण्यास देशभरात सत्तर हजार कोटींहून अधिक रुपयांची शिफारस केली होती. कागद आहे, इमारत आहे, आशाताई आहे. हे सर्व असताना मनोविकाराचा विषय निघाला की 'ते जिल्हा रुग्णालयाचे काम' असे उत्तर मिळणार असेल, तर ते मान्य करण्याचे कारण नाही.

गरज किती? राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण २०१५-१६मध्ये झाले. त्यात सुमारे १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी कोणता ना कोणता मनोविकार असल्याचे आढळले, आणि विकारागणिक ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांविना होते. या सर्वेक्षणासाठी निवडलेल्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. तेव्हा हा आकडा आपल्याला उसना घ्यावा लागतो. सांगलीतले प्रौढ साडेतीन लाख धरले तर सदतीस हजारांच्या आसपास माणसे होतात. त्यातली निम्मी जरी खरी मानली, तरी तेवढ्यांना पुरे पडतील इतके मनोविकारतज्ज्ञ या दोन शहरांत कधीही येणार नाहीत. म्हणूनच तज्ज्ञ नसलेल्या, पण शिकवून तयार केलेल्या माणसांचा विचार करावा लागतो.

साताऱ्याने हा विचार आधीच केलेला आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर हे साताऱ्याचे, आणि डॉक्टर झाले ते मिरजेच्या वैद्यकीय महाविद्यालयातून. या लेखातली दोन्ही शहरे त्यांच्या आयुष्यात अशी एकत्र येतात. 'साधना'चे संपादक म्हणून ते आपल्या वाचकांना परिचित आहेत, अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते म्हणून तर सर्वांनाच. पण 'परिवर्तन' ही व्यसनमुक्तीची आणि मानसिक आरोग्याची संस्था हाही त्यांच्या कामाचा भाग होता, आणि तो कमी बोलला जातो. या संस्थेने पुढे 'मानसमित्र' तयार केले. साध्या माणसांना भावनिक प्रथमोपचार शिकवायचे, आजार ओळखायला शिकवायचे, रुग्णाला डॉक्टरपर्यंत नेऊन त्याचे औषध चालू राहील हे बघायचे, असे हे काम. मनोविकारतज्ज्ञ डॉ. हमीद दाभोलकर ते पुढे चालवत आले आहेत. दाभोलकरांचा पुण्यात २० ऑगस्ट २०१३ रोजी खून झाला. त्यांनी ज्यासाठी वर्षानुवर्षे झगडा दिला तो जादूटोणाविरोधी कायदा त्यानंतर झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला साखळीने बांधणे, मारहाण करणे हा आता या राज्यात गुन्हा आहे. या कायद्याचे मोल मोठे आहे. मात्र तो निम्मेच काम करतो. मांत्रिकाच्या हातून सोडवलेली बाई त्या रात्री जाणार कुठे, हे कायदा सांगत नाही. अंगात येणाऱ्या सुनेला घरचे लोक मांत्रिकाकडे नेतात ते केवळ अज्ञानाने नेत नाहीत. तो जवळ असतो, रात्री-अपरात्री भेटतो, बसायला सांगतो, सगळे ऐकून घेतो, आणि तिच्या दुःखाला त्यांना कळेल असे नाव देतो. डॉ. भार्गवी दावर यांनी पुण्यात 'बापू ट्रस्ट'च्या कामातून या गोष्टीकडे आवर्जून लक्ष वेधले होते. त्यांच्याशी सर्व बाबतीत सहमत होण्याची गरज नाही. परंतु मांत्रिकाची जागा रिकामी करायची तर त्याच्याइतक्याच जवळ, त्याच्याइतक्याच मोकळ्या वेळी दुसरे कोणी बसवावे लागते, आणि प्रत्येक पेठेत असे कोणी बसवणे एकट्या संस्थेच्या कुवतीचे नाही. संस्था वाट दाखवते. रस्ता पालिकेलाच बांधावा लागतो.

इथे भाषेचा प्रश्न येतो आणि साहित्याच्या लोकांना तो टाळता येणार नाही. 'आपल्याला नैराश्य आहे' असे सांगत कृष्णाकाठची कोणतीही बाई दवाखान्यात येत नाही. ती म्हणते, छातीत भरून येतं, काळीज धडधडतं, हातापायाला मुंग्या येतात, डोक्यात इचार थांबत न्हाईत. पुरुष तेवढेही म्हणत नाही, तो गॅसेसचे औषध मागतो. आपल्याकडे मनाला उद्देशून लिहिलेला सर्वांत पाठ असलेला ग्रंथ म्हणजे 'मनाचे श्लोक', आणि त्याच्या कर्त्याची समाधी साताऱ्याजवळ सज्जनगडावर आहे. मनाला समजवावे, आवरावे, ते आपल्या ताब्यात असते, असा संस्कार आपल्यावर लहानपणापासून होतो. तो वाईट नाही. पण ज्याचे मन ताब्यात राहत नाही, त्याला त्यामुळे आपण दुबळे आहोत असे वाटते, आणि तो गप्प बसतो. वैद्यकीय परिभाषेने ही गप्प बसलेली माणसे बोलती होत नाहीत. 'छिन्नमनस्कता' हा शब्द समितीने घडवला असेल, तो कोणाच्या तोंडून निघालेला मी ऐकलेला नाही.

हरारेचे उदाहरण मला याच कारणासाठी मोलाचे वाटते. झिम्बाब्वेच्या या राजधानीत डॉ. डिक्सन चिबांडा या मनोविकारतज्ज्ञाने २००६मध्ये एक उपक्रम सुरू केला. त्यांची एक रुग्ण तरुणी रुग्णालयात येऊ शकली नव्हती, तिच्याकडे बसचे भाडे नव्हते, आणि तिने आत्महत्या केली. चिबांडांनी मग एंबारे या गरीब वस्तीत चौदा आज्यांना हाताशी घेतले. या आज्या नगर प्रशासनाच्या आरोग्यसेविका होत्या. इथे थोडे थांबले पाहिजे, कारण हा तपशील सहसा वगळला जातो. आज्यांची गोष्ट हृद्य आहे म्हणून ती जगभर सांगितली गेली. त्या पालिकेच्या यंत्रणेतल्या होत्या, पालिकेच्याच दवाखान्याच्या आवारात बाकावर बसत होत्या, हे कोणी फारसे सांगत नाही. येणाऱ्याशी त्या नैराश्य हा शब्द वापरत नसत. शोना भाषेत 'कुफुंगिसिसा' असा शब्द आहे, त्याचा अर्थ फार विचार करणे. आपल्याकडच्या 'इचार थांबत न्हाईत'चा हा सख्खा भाऊ. २०१६मध्ये या कामाची रीतसर चाचणी प्रसिद्ध झाली. चोवीस दवाखाने, ५७३ रुग्ण. सहा महिन्यांनी, नेहमीचे उपचार मिळालेल्यांपैकी निम्म्या जणांत नैराश्याची लक्षणे उरली होती, बाकावर बसलेल्यांपैकी सुमारे चौदा टक्क्यांत. आपल्या शेजारी गोव्यातही 'संगाथ' या संस्थेने बिगरतज्ज्ञ समुपदेशकांकडून असे काम करून घेऊन त्याची परीक्षा केली होती आणि त्याचे निष्कर्ष २०१०मध्ये प्रसिद्ध झाले. तेव्हा हे आफ्रिकेत जमले, आपल्याकडे कसे जमेल, अशी शंका घेण्याचे कारण उरत नाही.

सांगलीत तर या कामाला एक खास निमित्त आहे. २०१९च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली. धोक्याची पातळी ४५ फुटांची. त्याच पुरात ब्रह्मनाळला बोट उलटून सतरा जणांचा मृत्यू झाला. २०२१च्या जुलैमध्ये पुन्हा पूर आला, आणि २००५चा तर विसरलेला नव्हताच. पूर ओसरल्यावर पंचनामे झाले. भिंत पडली किती, धान्य भिजले किती, जनावरे वाहून गेली किती, सगळे लिहिले गेले. त्यानंतरच्या प्रत्येक पावसाळ्यात पुलावरच्या फुटांचे आकडे फोनवरून फिरू लागले की ज्या घरांत रात्रभर दिवे जळतात, त्यांचा पंचनामा करायला रकाना नाही. पूररेषेच्या आतली घरे कोणती हे महापालिकेला तंतोतंत माहीत आहे. स्थलांतराची यादी तिच्याकडे असते, पाणी ओसरल्यावर औषधफवारणी तीच करते. त्याच फेरीत आशाताईने घरातल्या म्हाताऱ्या माणसाला 'मामा, झोप लागती का?' एवढे विचारले आणि उत्तर लिहून आणले, तर तेवढ्याने सुरुवात होते. विचारून झाल्यावर पाठवायचे कुठे, हे मात्र आधी ठरलेले हवे. नाहीतर तो आणखी एक फॉर्म.

आक्षेप आहेत, आणि त्यातले काही खरे आहेत. 'जी पालिका रोज पाणी देऊ शकत नाही ती मन काय सांभाळणार' हा सर्वांत लोकप्रिय आक्षेप आहे, आणि सर्वांत कमी कामाचा. पाणी नीट येत नाही म्हणून पाणीपुरवठा पालिकेकडून काढून घ्यावा असे कोणी म्हणत नाही. आशांवर आधीच कामाचा डोंगर आहे, त्यांना मानधनही अपुरे आणि वेळेवर नाही, हा आक्षेप मला फार गंभीर वाटतो. नव्या कामाचे वेगळे पैसे दिल्याशिवाय ते त्यांच्यावर टाकणे ही पिळवणूक ठरेल. तिसरा आक्षेप गुप्ततेचा. सातारा हे गाव मोठे झाले तरी तिथे कोण कुणाचा कोण हे सगळ्यांना ठाऊक असते. राजवाड्यावरच्या घरातले गुपित पोवई नाक्यावर पोचायला संध्याकाळ लागत नाही. आशाताई ही शेजारीण आहे, हाच तिचा गुण आणि हीच अडचण. म्हणून कोणालाही आपल्या प्रभागाबाहेरच्या केंद्रात जाण्याची मुभा हवी, दारावर 'मानसिक' शब्दाची पाटी नसावी, आणि मनाची औषधे रक्तदाबाच्या औषधांच्या त्याच खिडकीतून मिळावीत. क्षयाचा दाखला मी वर दिला, पण त्यातली एक गोष्ट उचलता कामा नये. समोर उभे राहून गोळी गिळायला लावणे क्षयात चालून गेले. मनोरुग्णाच्या बाबतीत तोच प्रकार केला तर दवाखान्याचा गल्लीतला तुरुंग होईल. औषध नको म्हणण्याचा, दुसरे मागण्याचा, नुसतेच बोलायला येण्याचा त्याचा हक्क नव्या कायद्याने मान्य केला आहे. शेवटचा आक्षेप असा, की आता १४४१६ हा 'टेलिमानस'चा क्रमांक २०२२पासून आहे, मग दवाखाना कशाला. दूरध्वनी उपयोगी आहे, विशेषतः रात्री. परंतु तो गोळी देत नाही, आणि एका खोलीत सहा माणसे राहतात त्या घरातून मनातले बोलता येत नाही.

मग नेमके करायचे काय? फार मोठे काही नाही. सांगलीच्या महापालिकेने मिरजेच्या वैद्यकीय महाविद्यालयाशी करार करून प्रत्येक नागरी केंद्रात पंधरवड्यातून एक ठरलेली संध्याकाळ मनोविकारतज्ज्ञ आणावा, आणि ती संध्याकाळ कुपवाडच्या पाळीची वेळ बघून ठरवावी. मधल्या दिवसांत केंद्राच्या शिकवून तयार केलेल्या डॉक्टरने औषध चालू ठेवावे. सहा-सात नेहमीची औषधे केंद्रात कधीही संपणार नाहीत याची जबाबदारी एका नावाच्या माणसावर असावी, कारण औषध तुटले की रुग्ण तुटतो, आणि तो परत येईपर्यंत वर्ष जाते. साताऱ्याची गोष्ट वेगळी. तिथे नगरपालिका लहान, पण मानसमित्रांचा अनुभव गावातच आहे. नगरपालिकेने जिल्हा रुग्णालयाचे पथक आणि संस्था यांना एका टेबलाशी बसवावे, आपल्या दवाखान्यातली एक खोली द्यावी, एका समुपदेशकाचा पगार अंदाजपत्रकात स्वतंत्र शीर्षकाखाली धरावा. शीर्षकाचा आग्रह अशासाठी, की 'इतर' या शीर्षकाखालचे पैसे मार्चमध्ये दुसरीकडे जातात हे पालिकेत काम केलेल्या कोणालाही ठाऊक आहे. रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णाला पोलिसांनी जवळच्या सरकारी दवाखान्यात न्यावे असे कायदा म्हणतो. बरा झाल्यावर त्याला घर नसेल तर तो राहील कुठे, याचे उत्तर देण्यासाठी चार-सहा माणसे राहू शकतील असे एक भाड्याचे घर प्रत्येक शहरात पुरेसे आहे, निदान पहिल्या वर्षी.

सांगलीत हे दोनच केंद्रांपासून सुरू करायचे असेल तर पूररेषेलगतची दोन निवडावीत. गावभागातले एक, आणि नदीच्या बाजूने पुढे जाऊन दुसरे. आशाताईंचे प्रशिक्षण मे महिन्यात उरकावे, औषधांची पहिली खेप जूनच्या आधी केंद्रात पडलेली असावी, आणि पुलावरचे पाणी चाळीस फुटांच्या इशारा पातळीला लागण्यापूर्वी यादीतल्या प्रत्येक घरी एकदा जाऊन आलेले असावे.